निर्णयसागर : एका मुद्रक घराण्याची अक्षरसाधना



ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा एखादा संस्कृत ग्रंथ असेल, त्यांनी त्याचे शीर्षकपृष्ठ उघडून पाहावे. तेथे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव असण्याचा संभव मोठा. त्यासोबत कधी तुकाराम जावजी, कधी पांडुरंग जावजी, तर पुढच्या काळातील ग्रंथांवर सत्यभामाबाई पांडुरंग असे नाव आढळते. एका छापखान्याची वंशावळच ती!

या वंशावळीचे मूळपुरुष जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९ चा. घरची गरिबी, शिक्षण जेमतेम. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत. ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी उभारलेल्या कारखान्यात संस्कृत विद्येची सेवा करणारे हात घडावेत, हा योगायोग विलक्षण खरा. पण विद्या जेथून मिळाली तेथले ऋण मानण्यात कमीपणा कसला?

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना. आधी अक्षर, मग ग्रंथ, हा क्रम ध्यानात घ्यावा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. त्यातून मजकूर संस्कृत! ‘कार्त्स्न्य’ हा एकच शब्द जुळाऱ्याची परीक्षा पाहण्यास पुरेसा आहे. पोलादावर उलटे अक्षर कोरावयाचे, त्याचा ठसा तांब्यात उमटवावयाचा आणि त्यात शिशाचा रस ओतावयाचा. कोरताना केसभर चूक झाली, तर ती त्या अक्षराच्या प्रत्येक खिळ्यात उतरणार. या कामी जावजींना राणोजी रावजी आरू या कुशल मित्राचे हात लाभले. निर्णयसागरच्या टाइपाचा लौकिक हा या जोडीचा लौकिक होय.

अक्षर सुबक झाले, तरी पाठ शुद्ध हवा. स्वतः पंडित नसलेल्या जावजींनी त्यासाठी पंडितांना हाताशी धरले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. मोठे ग्रंथ स्वतंत्रपणे निघत, लहान काव्ये गुच्छकांत एकत्र येत. असे चौदा गुच्छक निघाले. पाठभेद तळटीपेत दिले जात. नंतरच्या चिकित्सक संपादनाच्या कसोटीला यांतील प्रत्येक पाठ उतरेल असे नाही. परंतु हस्तलिखितांच्या पोथ्यांत बांधून पडलेली कितीतरी काव्ये विद्यार्थ्याच्या हाती पडली, ती या मालेमुळे.

१८९२ मध्ये जावजी निवर्तले. त्याच वर्षी दुर्गाप्रसादही गेले. कर्ता पुरुष गेला की अनेक घराण्यांचा व्यवसाय येथेच अडतो. तुकाराम जावजींच्या काळी मात्र काव्यमाला चालू राहिली. परबांच्या जोडीला पंडित शिवदत्त आले. पुढे वासुदेवशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य अशा विद्वानांनी निर्णयसागरचे ग्रंथ सिद्ध केले. मालक बदलले, संपादक बदलले, पण मुद्रितशोधनाचा कटाक्ष सुटला नाही.

पुढे ऑफसेट आले आणि खिळ्यांचा जमाना संपला. काशी-दिल्लीच्या प्रकाशकांनी निर्णयसागरच्या जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन तेच ग्रंथ पुन्हा छापले. वेष्टन नवे, आतील पाने तीच. कोलभाट गल्लीतील जुळाऱ्यांनी उभ्याने जुळवलेल्या त्या ओळी आज एकही खिळा न हलवता कागदावर उमटतात. त्या जुळाऱ्यांची नावे शीर्षकपृष्ठावर नाहीत.