पाटीवर नाव कुणाचं?

(महाविद्यालयीन मुलींच्या शिबिरात केलेलं भाषण)



कॉलेजात असताना अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं स्वप्न कसं पाहिलं, यावर मी बोलावं असं संयोजक ताईंनी सांगितलंय. स्वप्नाचं जाऊ द्या, ते सगळ्यांनाच पडतं. मी कागदांबद्दल बोलणार आहे. एक चित्रांचे कागद, दुसरे सहीचे. पहिल्यांत मी हुशार होते, दुसऱ्यांत अगदीच ढ.

पुण्यात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघं एकत्र आलो. दोन मुलगे, मी आणि माझी मैत्रीण. गच्चीवरची खोली, दोन जुने संगणक. पहिलं काम तीस सेकंदांच्या जाहिरातीचं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२, म्हणजे तीस सेकंदांना ३६० चित्रं. गोष्ट रचणं, पात्रं ठरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं मुलांकडे. मधली चित्रं आणि रंग आम्हा दोघींकडे. “तुमचा हात स्वच्छ आहे,” असं ते म्हणायचे. आम्हाला तेव्हा ते कौतुक वाटायचं, हे कबूल करते. चहा कोण करायचं ते सांगायलाच नको.

पुढे वाचनात आलं की १९३८ साली अमेरिकेत डिस्नेच्या कंपनीने कामासाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला लेखी कळवलं होतं : नवनिर्मितीचं काम तरुण पुरुष करतात, बायकांना काम आहे ते चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवण्याचं आणि मागून रंग भरण्याचं. आम्हाला असं पत्र कुणी पाठवलं नव्हतं. आम्ही आपणहूनच रंगाच्या टेबलाशी जाऊन बसलो होतो! आणि लांब कशाला जायचं? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, फिल्म धुण्याचं कामही केलं. आपण शाळेत नाव पाठ केलं ते दादासाहेबांचं.

तिसऱ्या वर्षी भागीदारीचा करार झाला. त्यात नावं दोनच. “तुमची लग्नं होतील, कुठल्या गावी जाल काय सांगावं?” हे त्यांनी वाईट हेतूने केलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना ते अगदी साधं, सोयीचं वाटलं. मी बाहेर पडले तेव्हा माझीच चित्रं नमुना म्हणून दाखवायला परवानगी मागावी लागली. ती मिळाली नाही.

आई बचत गटाचा हिशेब लिहायची. तिने एवढंच विचारलं, “सही कुठे केलीस?” म्हटलं, कुठेच नाही. “मग तू तिथे मालकीण नव्हतीस गं. कामाला होतीस, तेही बिनपगारी.” गटातून बारा हजारांचं कर्ज काढून तिने मला जुना संगणक घेऊन दिला. बाबांचं म्हणणं, पावती भावाच्या नावाने करू. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. पावती माझ्या नावाने झाली. आज दोन खोल्यांत आम्ही पाच जणी काम करतो. उत्पन्न महिन्यागणिक वरखाली होतं, पण बँकेचं खातं माझं आहे.

तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर ब्लेंडर, क्रिता यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, भांडवलाचा तो अडसर उरलेला नाही. उद्यम नोंदणीलाही शुल्क नाही, एजंटाला पैसे देऊ नका. मात्र १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घ्या. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक मालकच. पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मची मालकी करून घेणाऱ्याची, वेगळा करार नसेल तर. त्या ‘नसेल तर’मध्ये आपली जागा आहे. नाव कुठे येणार, नमुना दाखवता येणार का, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती, हे पहिली रेघ ओढण्याआधी लिहून घ्या. मैत्रिणीबरोबर काम असलं तरी घ्या. मैत्रिणीकडे कागद मागायला आपल्याला जास्तच संकोच वाटतो. आणि कॉलेजात केलेल्या फिल्मवर हक्क कुणाचा, हे प्रवेशाच्या कागदांत शोधा. मी तेव्हा वाचलेच नव्हते.

मला सगळं जमतं असं समजू नका. गेल्या वर्षी कामाला आलेल्या एका मुलीने करार वाचून विचारलं, “ताई, मी काढलेली पात्रं मला माझ्या नमुन्यांत दाखवता येतील का?” ते कलमच त्यात नव्हतं. चार वर्षं मी तोच करार सगळ्यांना देत होते. मग पेनने खाली ओळ लिहिली, दोघींनी सह्या केल्या. आधीच्या चौघींचे करारही त्याच संध्याकाळी बाहेर काढले.

आता तुम्ही विचारा.