हुमणी, बेडूक आणि एकटा वाढलेला खंड

आजचा भाग ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांवर, पण सुरुवात आमच्या सांगलीकडच्या उसातून.

आता मी दिवसभर कोडिंग करतो, पण लहानपणी काकांबरोबर उसाच्या बुडख्यात हुमणी वेचलीय. पांढरी, वाकडी अळी. ती मुळं खाते आणि वर उभा ऊस वाळतो. हुमणी लागली की शेतकरी सांगाल तो उपाय करायला तयार होतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९३५ साली तेच झालं. तिथल्या उसालाही अशीच अळी लागायची. उपाय म्हणून हवाईहून शंभरेक केन टोड आणले. हे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, मोठाले, विषारी बेडूक. पण गंमत बघा, भुंगेरे उसाच्या शेंड्याला, अळी जमिनीखाली आणि बेडूक मधल्यामध्ये! कीड हटली नाही. बेडूक मात्र वाढतच सुटले, कारण मादी एका वेळी हजारो अंडी घालते.

आता यात भूगोल कुठे आला? भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडात होते. पुढे भारत आशियाला धडकला, ऑस्ट्रेलिया मात्र कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा राहिला. म्हणून तर तिथे कांगारू आहेत, अंडी घालून पिल्लांना दूध पाजणारा प्लॅटिपस आहे. पण टोडच्या कुळातला एकही बेडूक तिथे नव्हता. आशियातल्या घोरपडी पिढ्यान्‌पिढ्या टोडच्या शेजारी राहिल्या, त्यांना ते विष बरंचसं पचतं. ऑस्ट्रेलियातली घोरपड तोच बेडूक खाऊन मरते. क्वोल नावाचा, पिल्लं पिशवीत वाढवणारा छोटा शिकारीही असाच मरतो.

आमच्या कामात चुकीचा कोड गेला तर जुनी आवृत्ती परत लावता येते. इथे ती सोय नाही. बेडूक आता पार पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचलेत. म्हणून शास्त्रज्ञ आता क्वोललाच शिकवतायत: टोडच्या मांसात मळमळ आणणारं औषध घालून खायला द्यायचं. एकदा पोट ढवळलं की तो पुढे टोडच्या वाटेला जायचं टाळतो.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बेडकाला सोडायच्या आधी उसाच्या शेंड्यावर चढतोय का, एवढं तरी बघायचं हुतं की!"

मला तरी यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही. भेटू पुढच्या भागात!