खिडकीची मूठ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या खिडकीची मूठ हातांत आली, झडप वाऱ्यानें आपटली आणि तावदान फुटून काचा नातवाच्या अंथरुणावर पडल्या. सुदैवानें तो माजघरांत होता.

मीं नवी मूठ आणून जुन्याच भोंकांत बसविली. आठ दिवसांत तीहि निघाली. उत्तर चुकलें तर मांडणी तपासा, असें मीं मुलांना जन्मभर शिकविलें; घरीं मात्र विसरलों! दोष मुठीचा नव्हता. लांकडांतील भोंकें झिजलीं होतीं. सुतारानें त्यांत पाण्यानें न सुटणारा गोंद लावून सागाच्या काड्या ठोकल्या. त्या वाळल्यावर बारीक भोंकें पाडून पितळी स्क्रू पिळले, कारण लोखंडी गंजतात. बाजारांत जुनी मूठ बरोबर न्यावी, म्हणजे भोंकांमधील अंतर जुळतें.

हलणारी मूठ आजच पाहा. वारा सवड देत नाहीं.