सॅन फ्रान्सिस्कोचा गार समुद्र आणि टॉर्नेडो

गडगडाटी ढगाच्या तळापासून थेट जमिनीपर्यंत उतरलेला, प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणारा हवेचा स्तंभ म्हणजे टॉर्नेडो. समुद्रावर जन्मून शेकडो किलोमीटर पसरणाऱ्या चक्रीवादळाशी त्याची गल्लत करू नये. अमेरिकेत दरवर्षी सुमारे १२०० टॉर्नेडोंची नोंद होते, पण त्यांपैकी जेमतेम दहा-बारा कॅलिफोर्नियाच्या वाट्याला येतात आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तर ते फारच विरळा. उंच इमारती शहराचे रक्षण करतात, ही समजूत सोडून दिली पाहिजे, कारण १२ मे १९९७ रोजी मायामी या किनाऱ्यावरच्याच शहरात टॉर्नेडो ऐन मध्यवस्तीतून, गगनचुंबी इमारतींच्या शेजारून गेला.

मायामीचा समुद्र उबदार आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा गार. खरा फरक येथे पडतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर वाहणारे वायव्येचे वारे, पृथ्वीच्या परिवलनाच्या प्रभावामुळे, पृष्ठभागावरचे पाणी खुल्या समुद्राकडे लोटतात आणि त्याची जागा खोलातले थंड पाणी घेते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथील पाणी साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसवरच राहते. त्याला लागून असलेली हवा गार व जड होते, तर तिच्या वरची हवा, प्रशांत महासागरावरील उच्च दाबाच्या पट्ट्यात खाली उतरताना दाबली जाऊन तापलेली असते. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढण्याच्या या स्थितीला तापमान-विपर्यय म्हणतात. गोल्डन गेट पुलाचे मनोरे ज्या धुक्यातून वर डोकावतात, त्याचा सपाट माथा या विपर्ययाच्या तळाशीच असतो. खालची हवा हे झाकण भेदू शकत नाही आणि टॉर्नेडोला आवश्यक असलेले उत्तुंग ढग उभेच राहत नाहीत.

हिवाळ्यात मात्र प्रशांत महासागरावरून येणारी वादळे हे झाकण उडवून लावतात, वरच्या थरात अतिथंड हवा आणतात, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग झपाट्याने बदलत असल्यामुळे बुटक्या ढगांनाही फिरकी मिळू शकते. १४ डिसेंबर २०२४ रोजी नेमके हेच घडले: सॅन फ्रान्सिस्को शहराला इतिहासात प्रथमच टॉर्नेडोचा इशारा देण्यात आला, पाहणीअंती तेथील पडझड सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याची ठरली, परंतु त्याच दिवशी दक्षिणेकडील स्कॉट्स व्हॅली या गावात खरोखरीचा टॉर्नेडो उतरला, मोटारी उलटल्या आणि काही माणसे जखमी झाली.