पंचविशीची अट आणि ‘निल’ शेरा

मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईला लागतो, गाईला लागतो, फळ न धरणाऱ्या झाडालाही लागतो, पण पुरुषाला तो सहसा कोणी लावत नाही. मूल नसलेला पुरुष ‘निपुत्रिक’ म्हणवला जातो, म्हणजे त्याच्यात काही उणे आहे असे नव्हे, तर त्याला काही लाभले नाही एवढेच त्यातून सूचित होते. हरमल, मांद्रे, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यावरील गावांत देवापुढे घातलेले गाऱ्हाणे असो की शेजारणीची चौकशी असो, कूस उजवायची ती सुनेचीच. गोव्यात या समजुतीला कायद्याचेही पाठबळ लाभले होते. १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने पोर्तुगीज सरकारने येथील हिंदूंच्या चालीरीती संहितेत बांधल्या, तेव्हा पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न केव्हा ग्राह्य धरावे हेही त्यात नमूद झाले: पहिलीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्यच झाले नसेल, किंवा तिने तिशी पूर्ण करूनही मुलगा झाला नसेल, तर नवऱ्याला ती मुभा होती. वर्षे मोजली गेली ती बायकोची. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू प्रथम दिसले ते १६७७ साली, लेव्हनहुक या डच निरीक्षकाला, आणि पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले ते १८४२ मध्ये. तरीही नवऱ्याकडे बोट दाखवणारी एकही अट त्या कलमात नाही, आणि दुसरीचीही कूस उजवली नाही तर काय समजावे, याबद्दल ते मौन पाळते.

वीर्यात शुक्राणू अजिबात नसणे या अवस्थेला वैद्यकात ‘अझूस्पर्मिया’ म्हणतात. मराठीत तिला शुक्राणूशून्यता म्हणता येईल. सर्वसाधारणपणे शंभरातील एका पुरुषात आणि वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या शंभर पुरुषांपैकी दहा ते पंधरा जणांत ती आढळते. नपुंसकत्वाशी तिची गल्लत करण्यात येते, ती सर्वस्वी चुकीची आहे. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो, शुक्राणूंचा त्यातील वाटा अगदी अल्प असतो, त्यामुळे ते मुळीच नसले तरी शरीरसंबंधात, रंगरूपात किंवा ताकदीत बहुधा कोणताही फरक जाणवत नाही. धडधाकट माणसाच्या हातात ‘निल’ असा शेरा असलेला कागद पडतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही, तो यामुळेच.

अर्थात एका कागदावर विश्वास ठेवूही नये. प्रयोगशाळेत वीर्य पातळ होण्यासाठी सुमारे अर्धा तास ठेवतात, मग त्याचा थेंब काचपट्टीवर पाहतात. काहीच न दिसल्यास नमुना यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला गाळ पुन्हा शोधतात, कारण कधीकधी त्या गाळात तुरळक शुक्राणू सापडतात आणि उपचाराची दिशाच बदलते. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना तपासल्याशिवाय निदान पक्के मानले जात नाही.

कारणांचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात कारखाना चालू असतो, पण वाट बंद असते. वृषणात तयार झालेले शुक्राणू अधिवृषण नावाच्या वेटोळ्यात पक्व होतात. ते वेटोळे उलगडले तर सुमारे सहा मीटर लांब भरेल, आणि त्यात कोठेही क्षयरोगाचा किंवा लैंगिक संसर्गाचा व्रण राहिला तरी मार्ग अडतो. काहींना तर तेथून पुढे जाणारी शुक्रवाहिनी जन्मतःच नसते, आणि हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. अनुभवी डॉक्टर अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ती वाहिनी चाचपतो, जाळे विणणारा रापणकर अंधारातही दोरीचा पीळ बोटांनी ओळखतो तशी. ती सुतळीसारखी टणक लागली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना ती लागलीच नाही, तर निदान त्या तपासणीच्या टेबलावरच जवळजवळ झालेले असते. वीर्य एरवीपेक्षा कमी आणि आम्लधर्मी असेल, त्यात फ्रुक्टोज ही साखर नसेल, तर त्याला दुजोरा मिळतो. या दोषामागे बहुधा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचे जनुक असते, म्हणून उपचारापूर्वी पत्नीचीही जनुकीय तपासणी करावी लागते.

दुसऱ्या प्रकारात उत्पादनच थांबलेले असते. एक जादा एक्स गुणसूत्र असलेला क्लाइनफेल्टर दोष, वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणे, बालपणी वृषण पोटातून खाली न उतरणे, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात वृषणांना सूज येणे, कर्करोगावरील औषधे, अशी त्याची अनेक कारणे आहेत. त्यांत अलीकडे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या एका कारणाची भर पडली आहे, आणि तरुणांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. व्यायामशाळेत पिळदार दंडांसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली, की रक्तात हार्मोन पुरेसे आहे अशी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची समजूत होते, ती वृषणांना आज्ञा देणे बंद करते आणि शुक्राणूंची निर्मिती आटते; पुरुषत्वाची खूण म्हणून टोचलेले औषध पितृत्वाच्याच आड येते. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. एक शुक्राणू घडायलाच अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो, तेथे घाई करून उपयोग नसतो.

१९९२ पूर्वी या बहुतेक पुरुषांना सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. त्या वर्षी ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडून गर्भधारणा घडवल्याचे प्रसिद्ध केले, आणि लाखोंची गरज एकावर आली. अडथळा असलेल्या रुग्णाच्या अधिवृषणातून तो सुईने काढता येतो; उत्पादन थांबलेल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणाचे ऊतक धुंडाळल्यास जवळजवळ निम्म्या रुग्णांत कोठेतरी चालू राहिलेला एखादा कोपरा सापडतो. मात्र वाय गुणसूत्राचे ठरावीक भाग पूर्ण गळाले असतील तर शस्त्रक्रिया निरर्थक ठरते, म्हणून रक्ताची तपासणी आधी करणे हिताचे. शोध निष्फळ ठरल्यास दत्तक किंवा दात्याचे वीर्य हे मार्ग उरतात. २०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानुसार दाता नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यावा लागतो, आणि जन्मलेले मूल त्या जोडप्याचेच जैविक अपत्य मानले जाते. १८८० च्या कलमाशेजारी हे कलम ठेवून वाचण्यासारखे आहे.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) २०२३ पासून कृत्रिम गर्भधारणेचे उपचार सरकारी खर्चाने मिळू लागले, त्यामुळे पेडण्यातील जोडप्याला त्यासाठी मुंबई-पुण्याला जाऊन कर्ज काढण्याची पाळी येऊ नये. पण तेथपर्यंत पोचण्याआधी बायकोच्या सोनोग्राफीच्या आणि नळ्यांच्या तपासणीच्या फायली जाडजूड होतात आणि नवऱ्याचा साधा वीर्यनमुना तेवढा राहून जातो. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर ही सर्वांत स्वस्त, सुईसुद्धा न टोचणारी तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. त्यासाठी दोन ते सात दिवस संबंध टाळलेले असावेत. नमुना तासाभराच्या आत तपासला जावा लागतो. हरमलहून शिवोलीचा पूल ओलांडून बसने म्हापशाला पोचेपर्यंतच तेवढा वेळ उलटू शकतो, म्हणून बाटली घरून भरून नेण्यापेक्षा नवऱ्याने स्वतः इस्पितळात जाऊन नमुना तेथेच द्यावा.