चिठ्ठीकडून पत्राकडे



आत्महत्या-प्रतिबंधातील लिखित संदेशांचे स्थान हा या परिषदेचा विषय आहे.

अशा संदेशांच्या अभ्यासाला १९४९ मध्ये लॉस एंजेलिस येथे दिशा मिळाली. तेथील मृत्यू-चौकशी कार्यालयाच्या दप्तरात मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांना आत्महत्या केलेल्यांच्या शेकडो चिठ्ठ्या सापडल्या. नॉर्मन फार्बरो यांच्यासह त्यांनी त्यांपैकी ३३ चिठ्ठ्या, मनात तसा विचार नसलेल्या माणसांकडून मुद्दाम लिहून घेतलेल्या ३३ चिठ्ठ्यांशी ताडून पाहिल्या. कल्पनेने लिहिलेल्या चिठ्ठ्यांत तत्त्वचिंतन अधिक होते, तर खऱ्या चिठ्ठ्यांत जवळच्यांची नावे आणि राहिलेल्या कामांच्या बारीकसारीक सूचना अधिक आढळल्या. मात्र असंख्य माणसे काहीच लिहून ठेवत नाहीत. शिवाय टोकाच्या वेदनेत विचारांची कक्षा इतकी आक्रसते की सुटकेचा एकच मार्ग दिसतो, आणि या मनोसंकोचाच्या अवस्थेत लिहिलेली चिठ्ठी स्वतःच्या दुःखाचा पूर्ण उलगडा करू शकत नाही, हे श्नाइडमन यांनीच पुढे मान्य केले.

म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांचा जिवंत माणसांना पत्रे लिहिण्याचा प्रयोग मोलाचा ठरतो. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या किंवा सोडून दिलेल्या ८४३ रुग्णांची त्यांनी यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडलेल्या, पद्धतीने दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला पाच वर्षे पत्रे पाठवली. पहिले चार महिने दरमहा, पुढील आठ महिने दर दोन महिन्यांनी आणि नंतरची चार वर्षे दर तीन महिन्यांनी जाणाऱ्या त्या पत्रांत उपदेश नव्हता, अपेक्षा नव्हती; तुमचे बरे चालले असावे, लिहावेसे वाटले तर जरूर लिहा, एवढीच आपुलकी होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले. नंतरच्या अशा सर्वच प्रयोगांना सारखे यश आले नाही. त्यामुळे पत्र हे उपचारांना जोड देणारे साधन आहे, त्यांचा पर्याय नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गेलेल्याची चिठ्ठी वाचणे हे शास्त्राचे काम खरे, पण जिवंत माणसाला वेळेवर दोन ओळी लिहिणे हे त्याच शास्त्राचे कर्तव्य होय. आज ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मदत मिळू शकते, परंतु जो स्वतःहून फोन करत नाही, त्याच्यापर्यंत संस्थेनेच पोहोचले पाहिजे. रुग्णाला घरी सोडतानाच त्याला पहिले पत्र कोणत्या तारखेला जाईल आणि ते कोण लिहील, हे प्रत्येक रुग्णालयात निश्चित व्हावे, इतका ठोस निर्णय या परिषदेतून निघावा, अशी स्वागत समितीची कळकळीची अपेक्षा आहे.