गायरानातली पांढरी छत्री

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले, मधे एखादा दिवस ऊन पडलं, की आपल्या गायरानात रातोरात छत्र्या उभ्या राहतात. गुरं चारायला गेलेली पोरं ओंजळभर घेऊन येतात आणि विचारतात, "आई, ही खायची का?" आज त्या प्रश्नाबद्दलच बोलू.

खायच्या अळंबीला आपल्याकडे नावं खूप आहेत. विदर्भातल्या बाया सात्या म्हणतात, टेकोडे म्हणतात. गोव्यात वारुळावरच्या अळंबीला श्रावणात केवढा भाव येतो! पण विषारी अळंबीला मात्र वेगवेगळी नावंच नाहीत. सगळ्यांना मिळून एकच, कुत्र्याची छत्री. त्यामुळे नेमकी कुठली टाळायची, हे एक बाई दुसरीला नाव घेऊन सांगू शकत नाही. दाखवूनच सांगावं लागतं.

दाखवणारी आजी मात्र गावाकडे राहिली. चाकण, भोसरी, चिखलीच्या खोल्यांमधून आज कोण राहतं बघा. कुणी नांदेडची, कुणी चंद्रपूरची, कुणी बिहारची. जमीनही तीच राहिली नाही. मोशी, चिखली, चऱ्होली ही गावं १९९७ साली महापालिकेत आली, गायरानाच्या कडेला रस्ते आले, भराव पडले, बाहेरून आणलेली झाडं लागली. आजी सांगायची ते अमक्या बांधावरचं, तमक्या वारुळावरचं. ती ओळख त्या जागेची होती. "आमच्याकडे अशीच असते" हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, त्यांत बरीचशी चहाच्या मळ्यांतली कामगार कुटुंबं होती. २०११ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहरात चीनहून आलेल्या आचाऱ्यानं अळंबी रांधली आणि त्यात दोन जीव गेले. हातात अनेक वर्षांची सवय असलेली माणसंही फसतात.

आता आपल्या माळावरची मुख्य फसवी छत्री. मोठी, पांढरी, कधीकधी जेवणाच्या ताटलीएवढी. वर मधोमध तपकिरी खपल्या. दांड्यावर बांगडीसारखं कडं, ते वरखाली सरकतं. बऱ्याचदा गवतात गोल फेर धरून उगवते. दिसायला इतकी देखणी की भाजीला एकच पुरेल असं वाटतं! शास्त्रात हिला क्लोरोफायलम म्हणतात. कोवळी असताना छत्रीखालच्या पात्या पांढऱ्याच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. आणि आपण नेमकी कोवळी उचलतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मोठं माणूस सहसा निभावून जातं, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं.

वारुळावरची खायची अळंबी वेगळी. तिच्या टोपीला मधे टोक असतं आणि दांडा मुळासारखा खोल जातो, खाली वाळवीच्या घरापर्यंत. ती उपटली तर तुटते, खणावीच लागते. म्हणून छत्री नुसती खुडून आणलेली असेल तर अर्धी ओळख तुम्ही शेतातच टाकून आलात. दुसऱ्या काही छत्र्यांच्या बुडाशी मातीत पांढरी वाटी असते. ती दिसली तर हातही लावू नका. झाडांच्या मुळांशी उगवणाऱ्या त्या कुळात यकृत निकामी करणारं विष असतं.

शेणाच्या पोवर बारीक दांड्याच्या, घंटेसारख्या टोपीच्या छत्र्या येतात. त्यांतल्या काही चेपल्या की निळसर पडतात. त्यांनी डोकं भरकटतं, भास होतात. तसलं द्रव्य बाळगणं १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गुन्हा आहे, हे तरण्या पोरांच्या कानावर घाला.

बघायची हौस असेल तर एक सोपा प्रयोग. पिकलेली टोपी कापा, पात्या खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी पिठासारखी भुकटी पडलेली दिसेल. हिरवट पडली तर ती आपली फसवी छत्री. वारुळाच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर असते. पण इतर रंग पडला म्हणून ती खायची, असा अर्थ काढू नका. ही ओळख पटवण्यातली एक पायरी आहे, खाण्याचा परवाना नव्हे. वाटी मात्र नंतर स्वच्छ घासा आणि मुलांच्या हाती तो कागद देऊ नका.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यानं खाल्ली म्हणजे चांगली, गाईनं खाल्ली म्हणजे चांगली, यातलं काहीही खरं नाही. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचेलच असं नाही. वाटीवाल्या कुळातलं विष उकळल्यानं जात नाही, वाळवल्यानंही जात नाही.

आणखी एक, आपल्याच पट्ट्यापुरतं. अळंबी जमिनीतलं शिसं, कॅडमियम शोषून घेते. कारखान्याच्या नाल्याकाठची, रस्त्याकडेची अळंबी खात्रीनं खायची जात असली तरी आणू नका.

खाल्लीच गेली, तर? उलट्या लवकर सुरू झाल्या तर घाबरून का होईना आपण दवाखाना गाठतो. जास्त भीती उशिराची. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा त्रास सुरू झाला तर ते वाटीवालं विष असू शकतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरं वाटतं म्हणून उठून बसतं आणि आतून यकृत बिघडत असतं. बरं वाटलं तरी रुग्णालय सोडू नका. १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेली भाजी, सोललेले तुकडे कागदी पिशवीत घालून बरोबर न्या. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. त्याच ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी.

अळंबी खायचीच असेल तर धिंगरी आहे. भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या काडावर घरच्या घरी येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करता येईल. आणि गायरानातल्या एखाद्या छत्रीचं नाव खरंच जाणून घ्यायचं असेल, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीच्या जाती ओळखणारी मंडळी आहेत. गटातर्फे विचारून बघा. विचारायला जाताना मातीसकट, दांड्याच्या बुडासकट, कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकमध्ये ती घामेजून संध्याकाळपर्यंत चिखल होते.